टोरोंटोत नवरा हरवल्यास काय करावे

टोरोंटोहून परत येऊन मला पंधरा दिवस झाले. तेवढ्यात आमच्या कॉलनीतल्या, भजनी मंडळातल्या आणि दातांच्या डॉक्टरकडे शेजारी बसलेल्या मिळून डझनभर बायकांनी मला गाठलं. आमचाही मुलगा तिकडेच असतो, बोलावतोय, तर जाण्याआधी काय काय माहीत असावं ते जरा लिहून द्या की. लिहून द्यायला माझी ना नाही. पण खरी माहिती हवी असेल तर ती माझ्याकडे नाही, आमच्या ह्यांच्या वहीत आहे.

आमचे हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. धरण बांधायचं असो नाहीतर गॅलरीतली कुंडी हलवायची असो, आधी आराखडा. कॅनडाला जायचं ठरलं त्या दिवशी त्यांनी दोनशे पानी वही आणली, वर लाल शाईने 'टोरोंटो : उपयुक्त माहिती' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या, आणि तीन महिने इंटरनेटवरून माहिती उतरवून काढली. तीही कलमं पाडून. एकशे सतरा कलमं झाली. कलम तीन, पासपोर्टची झेरॉक्स प्रत्येकाने मोज्यात ठेवावी. कलम एकोणीस, अनोळखी खारीला हात लावू नये. ओळखीच्या खारीला लावला तर चालेल का, असं मी विचारलं तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आणि कलम एक्केचाळीस: हरवल्यास आहे त्या जागीच थांबावे, जागा सोडू नये. हे कलम त्यांनी माझ्याकडून पाठ करून घेतलं होतं. त्यानेच पुढे घात केला, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

विमानतळ आणि थंडी

आम्ही गेलो फेब्रुवारीत. शहाणी माणसं जून-जुलैत जातात. पण आमची मुलगी मुग्धा तिथे एका बँकेच्या कॉम्प्युटर विभागात आहे, जावई ऑफिसच्या कामाला दीड महिना व्हँकुव्हरला निघाले होते, आणि सात वर्षांची नात इरा शाळेतून तीनला घरी येते. तेव्हा आईवडिलांना कॅनडा दाखवायला हाच मुहूर्त सोयीचा, असं ठरलं. मुलींचं प्रेम असं हिशोबी असतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

विमानतळावर पहिला प्रश्न विचारतात खाण्याच्या वस्तूंचा. आपण 'थोडं होममेड आहे' म्हणून मोकळं व्हावं. ह्यांनी टाइप केलेली यादी पुढे केली. मेतकुटाला इंग्रजीत काय म्हणायचं यावर त्यांनी सांगलीत एक आख्खी दुपार घालवली होती, आणि शेवटी लिहिलं होतं, 'पिवळी पूड, निरुपद्रवी'. आता एखादी पूड निरुपद्रवी आहे असं कुणी मुद्दाम लिहून आणलं तर समोरचा काय समजेल? त्या अधिकाऱ्याने बॅग उघडली, पुडी उघडली, वास घेतला, ह्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी भातात कालवायची खूण करून दाखवली. तो हसला आणि जा म्हणाला. सारांश, यादी करू नये.

बाहेर आलो आणि पहिल्याच श्वासाला नाकातले केस ताठ झाले. थंडी म्हणजे आपल्याकडे जिला थंडी म्हणतात ती नव्हे. आपली थंडी शाल मागते, ही अब्रू मागते. मी थर्मल, त्यावर पंजाबी ड्रेस, त्यावर स्वेटर, त्यावर मुग्धाचा जुना कोट, आणि खाली दोन जोड मोजे असा जामानिमा रोज करत होते. बायकांसाठी खास सूचना: एवढं सगळं अंगावर असताना वॉशरूमला जाणं हे पाच मिनिटांचं काम राहत नाही. चांगली वीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ हाताशी ठेवूनच बाहेर पडावं.

घरात

मुग्धाचा काँडो, म्हणजे फ्लॅटच, तेविसाव्या मजल्यावर आहे. खिडकीतून लेक दिसतं. लेक म्हणजे तळं असं मी समजत होते, पण पलीकडचा काठच दिसत नाही, आणि काठाकाठाने बर्फाच्या लाद्या एकमेकींवर चढलेल्या. बघून छान वाटतं, पण पाचव्या दिवशी बघायचं राहून जातं.

एक गोष्ट मला मनापासून आवडली. तिथे गोरी माणसंसुद्धा दुसऱ्याच्या घरात शिरताना जोडे बाहेर काढतात. मुग्धाची शेजारीण, उंच, सहा फुटी बाई, साखर मागायला आली तर दाराशीच बूट काढून मोज्यांवर उभी. आमच्या कॉलनीत जे वीस वर्षं सांगून झालं नाही ते तिथे बर्फाने एका फटक्यात करून ठेवलंय.

फोडणीचं मात्र जपावं. पहिल्याच सकाळी मी पोह्यांची फोडणी केली, मोहरी तडतडली, आणि छताला लावलेलं एक गोल यंत्र असं काही किंचाळायला लागलं की माझ्या हातातला झारा खाली पडला. हे वही घेऊन धावत आले आणि कलम शोधायला लागले. इरा झोपेतून उठून आली, सोफ्यावर चढली, टॉवेलने त्या यंत्राला वारा घातला, आणि मला म्हणाली, "आजी, फॅन फर्स्ट, देन फोडणी." फोडणी एवढा एकच शब्द मराठी. बाकी आम्ही मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं असा आमचा करार होता, आणि तो दोन्ही बाजूंनी नीट पाळला गेला.

रस्त्यावर

टोरोंटोत अजून ट्राम चालते, तिला स्ट्रीटकार म्हणतात. उतरायचं असेल तर बटण दाबायचं, किंवा बसमध्ये असाल तर खिडकीजवळची पिवळी दोरी ओढायची. ह्यांना दोरीचा भारी सोस. आमचा स्टॉप येण्याच्या चार स्टॉप आधीपासून धरून बसायचे. बसमधून उतरताना ड्रायव्हरला मोठ्याने थँक्यू म्हणतात, अगदी मागच्या दारातून उतरणारासुद्धा. सॉरी तर विचारू नका. मी एकदा एका माणसाच्या पायावर पाय दिला तर तोच सॉरी म्हणाला. आपल्याकडे त्याने माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता.

दार धरण्याचीही एक रीत आहे. आपण दारातून गेलो की मागच्या माणसासाठी ते धरून ठेवायचं, तो आला की त्याने धरायचं. हे वहीत होतं. कधी सोडायचं ते वहीत नव्हतं. एका मॉलच्या दाराशी ह्यांनी दार धरलं, मागून लोक येत राहिले, थँक्यू, थँक्यू म्हणत आत जात राहिले, आणि हे कोटातल्या दरबानासारखे उभे. मी आत जाऊन इराचे हातमोजे बघून, रंग ठरवून परत आले तरी दार ह्यांच्याच हातात होतं. कोण घेतच नाही, म्हणाले. एका आजोबांनी तर त्यांना पार्किंग कुठे आहे ते विचारलं होतं.

कॉफीच्या दुकानात 'डबल डबल' म्हणावं. दुप्पट क्रीम, दुप्पट साखर. आमच्या ह्यांना डायबेटिस असल्यामुळे त्यांनी ते फक्त म्हणून बघितलं आणि प्यायले मी.

हा डायबेटिस जरा नीट सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. ह्यांना सकाळी एक गोळी असते. ती घेतली की एकच्या आत पोटात अन्न जायलाच हवं, नाही गेलं तर साखर एकदम उतरते. आधी चिडतात, मग घाम सुटतो, मग समोरचं माणूस ओळखू येत नाही. गेल्या दिवाळीत मंडईत असंच झालं. कोथिंबिरीची जुडी हातात धरून खाली बसले आणि मला विचारलं, आपण कोण. चाळीस वर्षांचा संसार झाल्यावर नवऱ्याने भर मंडईत आपण कोण असं विचारलं, तर ती भीती कुठेही गेलं तरी बरोबर येते. तेव्हापासून माझ्या पर्समध्ये तिळाचे लाडू, खडीसाखर आणि डबा असल्याशिवाय मी ह्यांना घराबाहेर काढत नाही.

तो मंगळवार

दहा दिवसांत आम्ही बरेच तयार झालो होतो, म्हणून मंगळवारी दोघंच डाउनटाउनला जायला निघालो. मुग्धाने प्रवासाची कार्डं दिली, सबवे म्हणजे तिथली भुयारी रेल्वे कुठे बदलायची ते सांगितलं, आणि तीनच्या आत घरी या, इरा येईल, असं बजावून ती ऑफिसला गेली.

डाउनटाउनच्या उंच इमारतींच्या पोटातून भुयारी रस्ते आहेत. सगळ्या इमारती खालून एकमेकींना जोडलेल्या. हिवाळ्यात ऑफिसची माणसं वर येतच नाहीत, तिथेच दुकानं, तिथेच जेवण, तिथेच केस कापणं. उंदरांनी सरकारी मंजुरी घेऊन शहर वसवावं तसं आहे सगळं. ह्यांना ते बघून आनंदाचं भरतं आलं. निचरा कुठून केला असेल, पंप कुठे असतील, भिंतीला हात लावून बघणं चाललं होतं. मी म्हटलं तुम्ही निचरा बघा, मी वॉशरूमला जाऊन येते. आम्ही उभे होतो तिथे भिंतीवर मोठा नकाशा होता, समोर कॉफीचं दुकान, शेजारी चांभाराचं दुकान. इथून हलू नका, असं मी ह्यांना बजावलं. तेव्हा साडेअकरा वाजले होते. त्यांचा फोन माझ्या पर्समध्ये होता, कारण त्यांच्या कोटाच्या खिशात वही होती आणि दोन्ही मावत नव्हतं.

वीस मिनिटांनी मी बाहेर आले. समोर नकाशा, कॉफीचं दुकान, चांभाराचं दुकान. हे नाहीत.

वर गेले असतील, येतील. मी नकाशाखाली उभी राहिले. कलम एक्केचाळीस. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. समोरून कोट घातलेली माणसं भराभर चालली होती आणि प्रत्येक करडा कोट मला ह्यांचाच वाटत होता. साडेबारा वाजले तेव्हा मी फोन काढून त्यांना लावला, आणि माझीच पर्स वाजली. नळावर भांडी वाजावीत तसा तो फोन आत वाजत होता आणि मी दोन क्षण तिथे उभी राहून ऐकत होते. मग मला घाम फुटला. सकाळची गोळी त्यांच्या पोटात होती, आणि डबा, लाडू, फोन, सगळं माझ्या खांद्याला.

मुग्धा मीटिंगमध्ये होती. तिसऱ्या वेळेला तिने उचललं. ती आधी रागावली, मग म्हणाली, आई, मी निघते, पाऊण तास लागेल, तू तिथल्या सिक्युरिटीच्या डेस्कवर जा. आणि बाबांना काही होणार नाही, असं ती दोनदा म्हणाली. कलम मोडून मी पहिल्यांदा जागा सोडली.

सिक्युरिटीच्या डेस्कवर एक धिप्पाड बाई होती, साधारण माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, छातीवर मर्लिन असं लिहिलेलं. जमैकाची, असं तिने नंतर सांगितलं. मी माझ्या शाळेतल्या इंग्रजीत सगळं सांगितलं. डायबेटिस हा शब्द ऐकल्याबरोबर तिने वायरलेसवर दोघातिघांना कामाला लावलं. कसे दिसतात? करडा कोट, काळी टोपी, चष्मा, रंग सावळा. ती माझ्याकडे बघतच राहिली. फेब्रुवारीत तिथे अर्धं शहर तसंच दिसतं. मग तिने माइक पुढे ओढला आणि नाव विचारलं.

मी तोंड उघडलं, आणि नाव येईना.

हसू नका. मी काही तशी जुन्या वळणाची नाही. मराठी घेऊन एम.ए. केलंय, तीस वर्षं शाळेत शिकवलंय. बँकेच्या फॉर्मवर, दवाखान्याच्या कागदावर त्यांचं नाव मी हजार वेळा लिहिलंय. पण तोंडाने घ्यायची वेळच येत नाही. समोर असले की अहो, मागे बोलायचं झालं की हे, आमचे हे, मुग्धाचे बाबा. चाळीस वर्षांपूर्वी लग्नाच्या पंगतीत घास भरवताना घेतलं होतं तेवढंच, आणि त्या नावाला बाहेर यायला उखाण्याचीच वाट ठाऊक. ती बाई माइकवर बोट ठेवून थांबलेली, आणि मी मनातल्या मनात म्हणतेय, सांगलीच्या बाजारात हळदीचा सुवास. जिलबीच्या घासापर्यंत एकदा जाऊन परत आले आणि मग मोठ्याने म्हणाले, "त्र्यंबकराव."

तिला कळलं ते फक्त राव. तिने अत्यंत गोड आवाजात जाहीर केलं, की मिस्टर राव यांनी सिक्युरिटी डेस्कवर यावं, त्यांची पत्नी वाट बघत आहे. पाच मिनिटांत मिस्टर राव आले. हैदराबादचे. चाळिशीचे, गळ्यात ऑफिसचं कार्ड, हातात अर्धं सँडविच, चेहरा पांढराफटक. बायको सकाळी ब्रॅम्प्टनला घरीच होती, ती इथे कशी आली, असं हिंदीत विचारायला लागले. मी त्यांची माफी मागितली. त्यांनी जाताना सँडविच पुढे केलं, मांजी, खा लीजिए, म्हणाले. मला रडूच यायला लागलं होतं.

मग मला मोज्यातली झेरॉक्स आठवली. माझ्या पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आहे. मी त्या चकचकीत लॉबीत स्टुलावर बसले, बूट काढला, वरचा मोजा काढला, खालचा काढला, आणि तो गरम कागद मर्लिनच्या हातात दिला. तिने तो दोन बोटांनी धरला आणि वाचायला लागली. त्र्यंबक ज्ञानेश्वर क्षीरसागर. आता या नावात आपल्याच माणसाची जीभ तीनदा अडखळते, तिचा काय दोष. 'मिस्टर ट्राय ॲम बॅक' इथपर्यंत तिने मारून नेलं आणि क्षीरसागरात ती बुडाली. दोनदा म्हटलं. कोणी आलं नाही. घड्याळात सव्वा वाजला होता.

माझा धीर तिथे सुटला. मी डेस्कवर डोकं टेकलं. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि अगदी हळू विचारलं, हनी, तू घरी त्यांना काय म्हणून हाक मारतेस?

मी म्हटलं, अहो.

तिने इकडे तिकडे बघितलं, माइक माझ्यासमोर सरकवला आणि बटण दाबून धरलं.

"अहो," मी म्हणाले. माझा आवाज छतातून परत माझ्यावर आला आणि मी दचकले. "अहो, ऐकलंत का? मी सिक्युरिटीच्या डेस्कपाशी आहे. लाल पाटी आहे, कुणालाही विचारा. सकाळी गोळी घेतलीय तुम्ही, आणि डबा माझ्याकडे आहे. तिथे उभे राहू नका. कलमं घाला चुलीत आणि या."

आख्ख्या डाउनटाउनसमोर नवऱ्याला झापणारी सांगलीतली मी पहिलीच असेन. मर्लिनने बटण सोडलं. मी उभी राहिले आणि चारी बाजूंना बघायला लागले.

सरकत्या जिन्यावरून आधी काळी टोपी वर आली. मग चष्मा. मग कठड्याला घट्ट धरलेला हात. ते होते. खालच्या मजल्यावर अगदी तस्सा नकाशा, तसंच कॉफीचं दुकान आणि तसंच चांभाराचं दुकान आहे. मी वॉशरूममधून बाहेर पडताना चुकीच्या जिन्याने एक मजला वर आले होते, आणि दोघंही आपापल्या नकाशाखाली कलम पाळत उभे होतो. त्यांचं तोंड घामाने डबडबलेलं, ओठ पांढरे. मी धावत जाऊन आधी तिळाचा लाडू त्यांच्या तोंडात कोंबला. अर्धा त्यांच्या कोटावर सांडला. त्यांनी चावला, गिळला, दुसरा मागितला. मग खुर्चीवर बसून माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "मी जागा सोडली नव्हती."

मला ओळखलं होतं. मी तिथेच सगळ्यांसमोर रडले. रडताना त्यांना दोन शिव्याही दिल्या, त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

मी डोळे पुसून बघते तर थोड्या अंतरावर एक म्हातारे गृहस्थ उभे. सत्तरीच्या पुढचे, लांब कोट, हातात लोकरीची तपकिरी टोपी. सिक्युरिटीशी काही काम असेल असं मला वाटलं, पण ते माझ्याकडेच बघत होते. मग पुढे आले आणि स्वच्छ मराठीत विचारलं, "हाक तुम्हीच मारलीत ना?"

नाव पास्कल, मूळचे वसईचे. मुलाकडे मिसिसागाला राहतात, दुपारी भुयारात येऊन बाकावर बसतात, कारण तिथे ऊब असते आणि माणसं दिसतात. मी म्हटलं, माफ करा, तुम्हाला उगाच उठवलं. त्यांनी मान हलवली.

"मला नव्हती, ते कळत होतं," ते म्हणाले. "आमच्याकडे बायका नवऱ्याला सरळ नावाने हाक मारतात. पण आमची वसईला मराठी शाळेत मास्तरीण, तिचं सगळं पुस्तकातलं. अहो, अहो. शेजारणी हसायच्या तिला. जाऊन चार वर्षं झाली. मुलगा मला डॅड म्हणतो, सून डॅड म्हणते, चर्चमध्ये मी मिस्टर पास्कल. अहो कुणी म्हणत नाही. वरून आवाज आला तेव्हा मला माहीत होतं की मला नाही. पण पाय उठले."

मी डबा उघडला आणि म्हटलं, बसा, जेवू. मर्लिनने डेस्कमागची तिची खुर्ची त्यांना दिली. धपाटे होते, लसणीची चटणी होती, दही वाटेत थोडं सांडलं होतं. पास्कलकाकांनी पहिला घास घेऊन थोडा वेळ डोळे मिटले, मग चटणी जरा तिखट हवी होती म्हणाले. मर्लिनने एक तुकडा खाल्ला आणि पाण्याची आख्खी बाटली संपवली.

पोटात अन्न गेल्यावर ह्यांनी खिशातून वही काढली आणि पास्कलकाकांना विचारलं, या भुयारात न चुकण्याचा काही नियम? मला वाटलं आता ह्या माणसाला मी स्वतःच हरवून येते. पण पास्कलकाका हसले. म्हणाले, नकाशे बघू नका, सगळे सारखे असतात. गालाला गार वारा कुठून लागतो ते बघा, तिकडे दार असतं. ह्यांनी ते कलम एकशे अठरा म्हणून लिहून घेतलं. तुम्ही जाणार असाल तर वहीतलं हे एकच पुरे.

एवढ्यात मुग्धा आली, टोपी नाही, बर्फाने केस ओले. तिने बापाला मिठी मारली आणि नंतर दोघांनाही इंग्रजीत झापलं. मग घड्याळ बघून म्हणाली चला, इरा येईल. पास्कलकाका उठले. येतो, म्हणाले, आणि कोटाची बटणं लावत जिन्याकडे निघाले. त्यांची टोपी खुर्चीवर तशीच राहिली.

मी टोपी उचलली. "अहो," मी हाक मारली, "टोपी राहिली तुमची."

आमचे हे चटकन वळले. पास्कलकाका जिन्यापाशी थांबले, पण वळले नाहीत. पाठमोरेच उभे राहिले, मान किंचित खाली, एक हात कठड्यावर. मला पुन्हा हाक मारता आली असती. मी टोपी घेऊन त्यांच्याकडे चालत गेले. जरा सावकाशच गेले.